व्हीनस फ्लायट्रॅपच्या एका रोपाची चार रोपं

‘पान कापून लावलं, पण पंधरा दिवसांत काळं पडलं. मग नवी रोपं होतात तरी कशी?’ असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे.

पान कापायचं नाही, ओढून काढायचं. व्हीनस फ्लायट्रॅप या किडे खाणाऱ्या झाडाची पानं मातीखालच्या गड्ड्यातून निघतात. तिथे पानाचा बुडखा पांढरा, गुबगुबीत असतो आणि नवा कोंब बहुधा त्यातूनच फुटतो. वरचा हिरवा देठ नुसता लावला की तो सहसा कुजतो.

योग्य वेळ म्हणजे हिवाळी विश्रांती संपते ती, फेब्रुवारीच्या सुमाराची. रोप काढून मुळं धुवा. शेजारी सुटी झालेली पिल्लं असतील तर आधी तीच वेगळी करा, ती हमखास जगतात. मग बाहेरचं एखादं निरोगी पान बुडाशी धरून खाली आणि बाहेर ओढा, म्हणजे पांढरा भाग सोबत येतो. एका रोपाची दोन-तीनच पानं घ्या. पानाच्या टोकाचा सापळा, म्हणजे किडे पकडणारा भाग, खुडून टाका, नाहीतर बुरशी तिथूनच शिरते. दोन भाग पीट मॉस (दलदलीतलं कुजलेलं शेवाळ) आणि एक भाग परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) ओलं करून त्यावर पान तिरकं ठेवा, बुडखा अर्धा सेंटिमीटर आत. वर पारदर्शक पिशवी, भरपूर उजेड, पण थेट ऊन नको. चार ते आठ आठवड्यांत बुडख्यावर हिरवे ठिपके दिसतात. ते दिसले म्हणून उपटून पाहू नका. रोप पूर्ण वाढायला दोन-तीन वर्षं लागतात.

इतकं करूनही रोप गेलं, तर आधी पाण्याकडे बघा. हे झाड मूळचं अमेरिकेतल्या उत्तर आणि दक्षिण कॅरोलायनाच्या किनारपट्टीवरचं. तिथली ओली, वाळूमिश्रित जमीन इतकी निकस, की नत्र किड्यांतून मिळवावं लागतं. बोअरवेलच्या पाण्यातले क्षार किंवा चमचाभर खतसुद्धा त्याची मुळं जाळतं. पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, ५० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ५० भाग) आत हवा. आपल्याकडे पावसाळ्यात भरून ठेवलेलं पाणी सगळ्यात उत्तम. बागेची माती वापरू नका, आणि न धुतलेलं कोकोपीटही नको, कारण त्यात मीठ असतं.

दुसरं कारण थंडी. झाडाला वर्षाकाठी तीन महिने दहा अंशांखालची थंडी लागते. मुंबईत किंवा कोकणात ती मिळत नाही. मग नोव्हेंबरअखेर गड्डा ओल्या मॉसमध्ये गुंडाळून पिशवीत घाला आणि फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये मात्र नको. महिन्यातून एकदा उघडून बुरशी आली का ते बघा.

आणि वसंतात फुलाचा दांडा आला तर पाच-सात सेंटिमीटरचा असतानाच कापा. फूल कमजोर रोपाची शक्ती खातं. दांड्याचे तीन-चार सेंटिमीटरचे तुकडे करून, खालचं टोक खालीच ठेवून, पीटमध्ये खोचा. वरचा भाग काळा पडेल, तरी टाकून देऊ नका. खालून कोंब यायला दोन महिनेही लागतात.