ठेवला की चार्ज

घरात फोन चार्जिंगला लावायची जागा ठरलेली असते. फ्रिजच्या वरचा प्लग, नाहीतर टीव्हीमागचा एक्स्टेन्शन बोर्ड, आणि तिथंच संपणारी आखूड केबल. फोन वाजला की ज्याचा असेल तो भिंतीला चिकटून, मान वाकडी करून बोलतो. केबल पिनेपाशी उकललेली, तिच्यावर चिकटपट्टी. "जरा तिरकी धर, मग लागतं" हे घरात सगळ्यांना पाठ. याला कंटाळून माणूस वायरलेस चार्जर आणतो, म्हणजे फोन नुसता वर ठेवला की चार्ज करणारा चपटा पॅड. खोका उघडतो, तर आतून वायर निघते आणि अॅडॉप्टर बहुतेक वेळा निघतच नाही.

घोळ इथूनच सुरू होतो. ड्रॉवरमध्ये पडलेला जुना पाच व्होल्ट, एक अँपिअरचा अॅडॉप्टर शोधून पॅड त्याला जोडला जातो. मग पॅडवरचा दिवा लुकलुकत राहतो, नाहीतर फोन रात्रभर रांगत चार्ज होतो, आणि बोल लागतो तो पॅडला. १५ वॅटचा पॅड पुऱ्या ताकदीनं चालायला मागे निदान २० वॅटचा अॅडॉप्टर हवा. त्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत आउटपुटच्या पुढे ९ व्होल्ट आणि दोन-सव्वादोन अँपिअर लिहिलेलं असलं पाहिजे, आणि पीडी (PD, म्हणजे 'पॉवर डिलिव्हरी') हा शब्दही. फोनबरोबर आलेला ऐंशी वॅटचा दणकट अॅडॉप्टरही इथं फसवू शकतो. काही अॅडॉप्टर आपल्याच कंपनीच्या फोनला तेवढी ऐंशी वॅट देतात. समोर पॅड दिसला की पाच व्होल्टांवर हात आखडता घेतात.

आतली करामत जुनी आहे. फॅरेडेनं १८३१ मध्ये दाखवून दिलं, की तारेच्या वेटोळ्यातलं चुंबकीय क्षेत्र बदलत राहिलं तर तारेत वीज उभी राहते. पॅडमध्ये तांब्याच्या तारेचं चपटं वेटोळं असतं, फोनच्या पाठीत दुसरं. पहिल्यातून सेकंदाला लाख-दीड लाख वेळा उलटसुलट होणारा प्रवाह सोडला की दुसऱ्यात वीज येते. स्वयंपाकघरातली इंडक्शन शेगडी याच तत्त्वावर चालते. तिथं पातेल्याच्या बुडात उठलेले प्रवाह बूडच तापवतात. पॅड आणि फोनच्या मध्ये किल्ली किंवा दोन रुपयांचं नाणं राहिलं, तर त्या नाण्याचं पातेलं होतं. चांगला पॅड हे ओळखून बंद पडतो. तो ओळखतो कसा? फोन सतत पॅडला कळवत असतो, की मला इतकी वीज पोहोचली, आता थोडी वाढव, आता कमी कर. दिलेली आणि पोहोचलेली यांचा मेळ बसला नाही, की मधे कुणीतरी खातंय हे पॅडला कळतं. स्वस्तातल्या पॅडमध्ये हा हिशेबनीस कच्चा असतो. पैसे वाचवायचेच असतील तर ते दुसरीकडे वाचवावेत.

वायरलेस चार्जिंगमध्ये वीज फार वाया जाते, हा आक्षेप ऐकू येतो. खरा आहे, पण आकडा मांडून बघावा. ५००० एमएएचच्या बॅटरीत साधारण १९ वॅट-तास मावतात. केबलनं ती भरायला भिंतीतून अंदाजे २४ जातात, पॅडवर ३२च्या आसपास. फरक आठाचा. हजार वॅट-तासांचं एक युनिट, म्हणजे रोज पूर्ण चार्ज केला तरी वर्षाला साधारण तीन युनिट. दहा रुपये युनिट धरलं तर तीस रुपये. एवढ्यात आता बऱ्याच ठिकाणी दोन वडापावही येत नाहीत.

खरं दुखणं बिलात नाही. ते आठ वॅट-तास जातात कुठे, हे विचारलं पाहिजे. ते उष्णता होऊन जातात, आणि त्यातला बराचसा वाटा फोनच्या पाठीत, बॅटरीला खेटून बाहेर पडतो. लिथियमची बॅटरी लवकर म्हातारी होते ती दोन गोष्टींनी: उष्णतेनं आणि शंभर टक्क्यांवर तासन् तास भरून राहिल्यानं. पॅडवर रात्रभर ठेवलेला फोन दोन्ही एकदम भोगतो. बहुतेक नव्या फोनांच्या सेटिंगमध्ये ऐंशी टक्क्यांवर थांबण्याची सोय असते. पॅड वापरणाऱ्यानं ती पहिल्याच दिवशी चालू करावी. तापलेला फोन स्वतःच चार्जिंग मंदावतो, कधी थांबवतोही. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे दुपारी खोलीतच अडतीस-चाळीस अंश असतात. तिथं फोन तासाभरात पाच टक्के वर सरकला तर चार्जर बिघडला असं समजू नये. कव्हर काढावं, पॅड पंख्याखाली न्यावा, आणि घाई असेल तर सरळ केबल लावावी.

उष्णता कमी-जास्त होते ती मुख्यतः एका गोष्टीनं: दोन वेटोळी एकमेकांवर नीट बसली आहेत की नाहीत. अर्धा सेंटिमीटर सरकलं तरी वीज कमी पोहोचते आणि ताप वाढतो. आणखी थोडं सरकलं की चार्जिंगच तुटतं. फोन गुळगुळीत असतो, पॅडही बरेचदा गुळगुळीत. रात्री सायलेंटवर टाकलेला फोन प्रत्येक मेसेजला थरथरतो आणि केसभर सरकतो. सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरवरून वाद पेटला असेल, तर सकाळी फोन पॅडच्या कडेला तिरका पडलेला आणि बॅटरी बेचाळीस टक्के. मागे फुगलेल्या कॅमेऱ्यामुळे फोन डुगडुगतो, तोही याला हातभार लावतो.

यावर शेवटी चुंबकाचा उपाय निघाला. वेटोळ्याभोवती चुंबकांचं कडं बसवायचं, म्हणजे फोन आपोआप जागेवर चिकटतो. आयफोनमध्ये हे २०२० साली आलं. २०२३ मध्ये तीच कल्पना 'ची-२' (Qi2) या सामायिक मानकाच्या नावानं सगळ्या कंपन्यांसाठी खुली झाली. त्याच्या आधी २०१७ मध्ये अॅपलनं एक चटई जाहीर केली होती: फोन, घड्याळ, इअरबड्स, काहीही कुठंही ठेवा, चार्ज होईल. २०१९च्या मार्चमध्ये कंपनीनं ती विक्रीला न आणताच गुंडाळली. आमच्या दर्जाला उतरत नाही, असं सांगून. आज मिळणाऱ्या तीन-तीन वस्तूंच्या चार्जरवर प्रत्येकीचा पाट मांडून ठेवलेला असतो, तो उगाच नाही.

बिनचुंबकाचा फोन असेल तर मागून चुंबकाचं कडं असलेलं कव्हर घेता येतं. साधा पॅडच वापरायचा असेल, तर फोन ठेवल्यावर चार्जिंगचा आवाज आला म्हणून लगेच पाठ फिरवू नये. स्क्रीनवर 'फास्ट' हा शब्द येतो का बघावं, न आल्यास चारी बाजूंना थोडा थोडा सरकवून बघावा. जागा सापडली की पॅडवर पेनानं खूण करावी. दिसायला बरं दिसत नाही, पण उपयोग होतो. अर्ध्या तासात जेमतेम दहा टक्के वाढत असतील तर चार्जिंग पाच वॅटवर अडकलंय. दोष अॅडॉप्टरमध्ये, केबलमध्ये किंवा कव्हरमध्ये शोधावा.

कव्हरचं प्रकरण आपल्याकडे जरा वेगळं आहे. तीन मिलिमीटरपर्यंतचं प्लास्टिक-सिलिकॉन सहसा चालतं. पण आपल्या कव्हरमध्ये फोनशिवाय बरंच काही राहतं: अडीअडचणीला घडी घातलेली पाचशेची नोट, गणपतीचा किंवा स्वामींचा छोटा फोटो, मेट्रोचं कार्ड, एटीएमचं कार्ड. कागदाचा फोटो निर्धोक. देव वीज अडवत नाहीत. कार्डं मात्र काढलीच पाहिजेत. चुंबकानं काळी पट्टी पुसली जाऊ शकते, आणि मेट्रोच्या कार्डातल्या चिपला त्या क्षेत्रात नको तेवढी वीज मिळून ती कायमची गप्प होऊ शकते. बोटात अडकवायची धातूची रिंग आणि गाडीतल्या होल्डरसाठी चिकटवलेली लोखंडी चकती यांनाही पॅडवर जागा नाही. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी चार्जिंगवर असलेला फोन तीस सेंटिमीटरपेक्षा लांब ठेवावा. उशाशी चुंबकाचा चार्जर नको.

एवढं सगळं ऐकून पॅड घ्यावाच कशाला? एक मोठं कारण कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात कळतं. फोन भिजतो, चार्जिंगच्या भोकात पाणी आहे अशी सूचना येते, आणि ते वाळेपर्यंत केबल चालत नाही. तेव्हा फोन पुसून पॅडवर ठेवला की काम होतं. भोकात खिशातला कचरा साचतो, खारी हवा पिना गंजवते, रोजच्या काढघालीनं तोंड सैल होतं. या सगळ्यातून सुटका. दुकानाच्या गल्ल्यावर, ऑफिसच्या टेबलावर ज्यांचा फोन दिवसभर पडूनच असतो, त्यांच्यासाठी पॅड उत्तम. तिथं वेगाची गरजच नसते. उलट ज्याला आठ टक्क्यांवर आठवण होते आणि पंधरा मिनिटांत लोकल गाठायची असते, त्याला केबलला पर्याय नाही.

फोनला चुंबकानं चिकटणाऱ्या पॉवर बँकेकडून मात्र फार आशा ठेवू नयेत. ५०००चा आकडा वाचून ५०००चा फोन पूर्ण भरेल असं वाटतं. प्रत्यक्षात साठ टक्क्यांच्या आसपास भरतो, बाकीची ऊब हाताला मिळते. त्याच बँकेला केबलचं तोंड असेल तर प्रवासात तेच वापरावं. गाडीतल्या पॅडचं आणखी अवघड: काचेतून ऊन, वर नकाशा चालू, खालून चार्जिंग. खंडाळ्याच्या घाटात फोन तापून नकाशाच अंधुक होतो. तिथं एसीच्या झरोक्यावर बसणारा होल्डर घ्यावा, म्हणजे गार वारा थेट फोनच्या पाठीला लागतो.