ड्रायव्हरला कोणी मारलं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ‘रेमंड चँडलरच्या रहस्यकथांत धागे सुटेच राहतात, मग त्या पुन्हा पुन्हा काय वाचता?’ हा प्रश्न मला नेहमी येतो, आणि सोबत ‘द बिग स्लीप’मधला ड्रायव्हर येतो. १९३९ची ही कादंबरी. स्टर्नवुड कुटुंबाचा ड्रायव्हर गाडीसकट समुद्रात सापडतो. खून की आत्महत्या? शेवटपर्यंत कळत नाही. हॉवर्ड हॉक्स यावर सिनेमा करत होता तेव्हा चँडलरला तार करून विचारलं गेलं, तर त्यालाही ठाऊक नव्हतं.

मासिकांत आधी छापून आलेल्या स्वतःच्याच कथा जोडून त्याने ही कादंबरी उभी केली होती. सांधे दिसतात, कबूल आहे. डॅशिएल हॅमेट या दुसऱ्या अमेरिकन रहस्यकथाकाराची वीण त्याच्यापेक्षा कितीतरी घट्ट.

पण सुरुवातीचं ते काचघर आठवा. ऑर्किड, दमट उकाडा, कादंबरीचा नायक, खासगी गुप्तहेर मार्लो घामाने निथळतोय. समोर चाकाच्या खुर्चीत म्हातारा, पंगू जनरल स्टर्नवुड, त्या उकाड्यातही पांघरुणात गुंडाळलेला. स्वतःला पिणं वर्ज्य, म्हणून तो मार्लोला ब्रँडी देववतो आणि त्याच्या पिण्याकडे बघत बसतो. सिगारेट ओढायला लावतो, धुराचा वास तेवढा घेतो. बोलता बोलता बेपत्ता जावयाचा, रस्टी रीगनचा, विषय निघतो. तोही असाच इथे तासन्‌तास घाम गाळत बसायचा, ब्रँडी पीत आयर्लंडच्या क्रांतीच्या गोष्टी सांगायचा. म्हाताऱ्याचा जीव होता त्याच्यावर.

काम दिलंय ब्लॅकमेल करणाऱ्याचा बंदोबस्त करण्याचं. रीगनला शोध, असं जनरल त्या दिवशी म्हणत नाही. तरी मार्लोच्या डोक्यातून रीगन जात नाही. जाईल कसा? मार्लो त्याच्याच जागी बसून आलाय.

म्हणून ‘पात्र मोठं की कथानक’ हा वाद मला इथे पटत नाही. ड्रायव्हरचं कोडं तसंच राहिलं तरी माझं काही अडत नाही, कारण त्याच्या उत्तराची वाट बघणारं कोणी मनात बसलेलं नसतं. रीगनचं काय झालं हे मात्र कळायलाच हवं, आणि ते चँडलर चोख सांगतो. मार्लोला खरं कळतं, आणि म्हाताऱ्याच्या कानावर ते जाऊ नये म्हणून तो स्वतः त्या पापात वाटेकरी होतो. शेवटच्या पानावर जनरल छत्रीपलंगावर निजलेला आहे, रक्त आटलेले हात चादरीवर जुळवून, वाट बघत.