९ एमएमची घरी भरलेली काडतुसं पिस्तुलात चालवताना: माझा अनुभव

घरी भरलेलं काडतूस लांबीला थोडं एकोणीस-वीस असलं, तरी रिव्हॉल्व्हर सहसा कुरकुर करत नाही. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलाचं तसं नसतं. काडतूस मॅगझिनमधून वर सरकायला हवं, फीड रॅम्पवरून (छोट्या उतारावरून) चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत शिरायला हवं, मागे स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) पूर्ण मिटायला हवी, आणि बार उडाल्यावर तीच स्लाइड शेवटपर्यंत मागे जाईल एवढा जोरही त्यात हवा. त्यामुळे नवा लोड (बुलेट, पावडर आणि लांबीची जुळणी) मी टप्प्याटप्प्याने तपासतो. एक टप्पा नीट पार पडला नाही, तर पुढच्याला हात लावत नाही.

मी अमेरिकेत राहतो. इथल्या केंद्रीय कायद्यानुसार स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. राज्याचे नियम वेगळे पाहावे लागतात. भारतात ९ एमएम पॅराबेलम हा प्रतिबंधित बोअर (काडतुसाचं माप) आहे, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे. तेव्हा पुढचं सगळं इथल्यापुरतं. शिवाय बहुतेक पिस्तूल कंपन्या आपल्या पुस्तिकेत घरी भरलेल्या काडतुसांना स्पष्ट नकार देतात आणि वॉरंटी नाकारू शकतात. ही जबाबदारी पूर्णपणे आपली असते.

माझं पिस्तूल सीझेड शॅडो २ आहे. सीझेडच्या चेंबरपुढची मोकळी जागा तोकडी असते, रायफलिंग (नळीतले पीळदार चर) लवकर सुरू होतं. सामी या अमेरिकेतल्या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकात ९ एमएम काडतुसाची कमाल लांबी १.१६९ इंच आहे, पण ती मर्यादा मॅगझिन आणि मानक चेंबरसाठी. एखादी १२४ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) गोलनाकी बुलेट १.१५० इंचावर बसवली, तर दुसऱ्या पिस्तुलात ती सुरळीत चालेल आणि इथे रायफलिंगमध्ये रुतेल. म्हणून लांबी पुस्तकातून उचलायची नाही, आपल्या बॅरलला विचारायची.

त्यासाठी आधी डमी बनवतो: प्रायमर (ठोक्याने पेटणारी टोपी) नाही, पावडर नाही, फक्त केस (पितळी कवच) आणि बुलेट, तीही मुद्दाम लांब ठेवलेली. बॅरल पिस्तुलातून काढून चेंबर वर धरतो आणि डमी आत सोडतो. टक् आवाज करून ती बसली पाहिजे, बोटाने फिरवल्यावर मोकळी फिरली पाहिजे, बॅरल उलटी केल्यावर आपोआप खाली पडली पाहिजे. हे होईपर्यंत बुलेट थोडी थोडी आत घेतो, आणि जिथे होतं त्याच्याही खाली साधारण ०.०१५ इंच जातो, कारण बुलेटचा आकार आणि प्रेसची (काडतूस भरायच्या यंत्राची) ओढ प्रत्येक वेळी तंतोतंत सारखी नसते.

डमी अडली, तर का अडली हे ओळखण्याचा सोपा उपाय म्हणजे तिला मार्करने काळी करून चेंबरमध्ये फिरवणं. ओरखडा बुलेटवर उमटला तर लांबी जास्त. केसच्या तोंडाशी उमटला तर बेल (बुलेट शिरावी म्हणून पसरवलेला तोंडाचा काठ) पूर्ण मिटलेली नाही, क्रिम्प (तो काठ आवळणं) वाढवा. अंगावर एकाच बाजूला उमटला तर बुलेट तिरकी बसली आहे. बुडाजवळ उमटला तर सायझिंग डाय (वापरलेली केस पुन्हा मापात आणणारा साचा) पुरेशी खाली आलेली नाही. कारण न शोधता सरसकट क्रिम्प आवळत बसणं चुकीचं आहे. ९ एमएम चेंबरमध्ये केसच्या तोंडावरच टेकतं. क्रिम्पचं काम फक्त बेल मिटवण्याचं, तोंडाशी ०.३७८ ते ०.३८० इंच मिळालं की पुरे. जास्त आवळलं की मुलामा दिलेल्या बुलेटचा थर कापला जातो आणि पकड उलट सैल होते.

ही पकड हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. रॅम्पवर आपटताना बुलेट केसमध्ये मागे सरकली, तर आतली जागा घटते आणि दाब झपाट्याने वाढतो. ९ एमएमची केस मुळातच लहान, आणि तिची दाबमर्यादा ३५,००० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड), म्हणजे ४५ एसीपी या दुसऱ्या पिस्तूल काडतुसाच्या २१,००० पेक्षा बरीच वर. त्यामुळे डमी कॅलिपरने मोजतो, बुलेटचं नाक टेबलाला टेकवून अंगठ्याने जोरात दाबतो, पुन्हा मोजतो. मग तीच डमी मॅगझिनमधून स्लाइड सोडून चेंबर करतो, बाहेर काढतो आणि मोजतो. इंचाच्या दोन-तीन सहस्रांशांहून जास्त फरक पडला, तर बेल कमी करतो किंवा त्या ब्रँडच्या केस बाजूला काढतो. खऱ्या काडतुसाबाबतही हेच: एकच काडतूस वारंवार चेंबर करू नये.

लांबी कमी ठेवल्याने जागा घटलेली असतेच. म्हणून पावडरचं वजन छापील लोड डेटातल्या सुरुवातीच्या आकड्यावर, आणि तो डेटा त्याच बुलेटचा, त्याच पावडरचा. पुस्तकातली लांबी माझ्यापेक्षा जास्त असेल, तर वर चढताना पावलं आणखी लहान. टेबलावर पावडरचा एकच डबा. पावडर मापून टाकणारं मेजर स्थिरावल्यावर दहा मापं एकेक तोलून पाहतो. फुगीर पावडर मुद्दाम निवडतो, कारण चुकून दुप्पट पडली तर ती केसच्या काठावरून सांडते. बारीक, जलद पावडरचं दुप्पट माप केसमध्ये गुपचूप मावू शकतं. प्रेसवर छोटा दिवा लावला आहे, आणि आत डोकावल्याशिवाय एकाही केसवर बुलेट ठेवत नाही.

केस निवडताना ३८० एसीपी या आखूड काडतुसाच्या केस मिसळलेल्या सापडतात. त्यांची लांबी ०.६८० इंच, ९ एमएमची ०.७५४. आतून पायरी असलेल्या केस सरळ भंगारात. प्रत्येक प्रायमरवरून बोट फिरवतो, तो बुडाच्या किंचित आत हवा. वर राहिला तर पहिला ठोका त्याला बसवण्यातच जातो, बार उडत नाही.

रेंजवर पहिल्यांदा मॅगझिनमध्ये एकच काडतूस. उडाल्यावर, मॅगझिन रिकामं झाल्यामुळे, स्लाइड जशी राहायला हवी तशी मागे अडकून राहिली, तर दोन, मग पाच. केस पायाशीच पडत असतील किंवा स्लाइड अडकत नसेल, तर लोड मऊ आहे. चपट्या प्रायमरवरून दाब ओळखण्यावर माझा भरवसा नाही, पिस्तुलात ही खूण फार उशिरा दिसते. क्रोनोग्राफ (बुलेटचा वेग मोजणारं यंत्र) जास्त खरं सांगतो. वेग पुस्तकातल्या कमाल वेगापुढे गेला, तर पावडर कितीही कमी असली तरी तिथेच थांबतो. १२४ ग्रेनला सेकंदाला १,०५० फूट वेग मिळाला की पॉवर फॅक्टर (वजन गुणिले वेग, भागिले हजार) १३० येतो, नेमबाजी स्पर्धेतल्या मायनर गटाला लागणाऱ्या १२५ च्या थोडा वर. याहून जास्तीची मला गरज नाही.

ट्रिगर ओढल्यावर नुसता टक् आवाज आला, तर नळी निशाण्याच्या दिशेने ठेवून निदान ३० सेकंद थांबतो. आवाज फुसका आला किंवा झटका लागलाच नाही, तर बुलेट नळीत अडकलेली असू शकते. सरावात अंगवळणी पडलेली मॅगझिनवर थाप आणि स्लाइडला ओढ इथेच घातक ठरते: अडकलेली बुलेट पुढे सरकलेली असेल, तर पुढचं काडतूस बिनबोभाट चेंबर होतं आणि त्या बाराने नळी फुगते किंवा फुटते. मी पिस्तूल रिकामं करतो, बॅरल काढतो आणि पितळी सळई आरपार घालून पाहतो. ज्याच्यातून असा बार निघाला तो सगळा बॅच घरी हातोडी-पुलरने (आपटून बुलेट बाहेर काढणाऱ्या साधनाने) सोडवायचा, दोन-चार निवडून वापरायचे नाहीत.

भरलेल्या काडतुसांच्या डब्यावर बुलेट, पावडर, वजन, लांबी, प्रायमर आणि तारीख लिहितोच, पण रिकॉइल स्प्रिंगचं (स्लाइड परत पुढे ढकलणाऱ्या स्प्रिंगचं) वजन, म्हणजे तिचा जोरही लिहितो. मऊ लोडसाठी हलकी स्प्रिंग घातलेली असते, आणि त्याच स्प्रिंगवर कारखान्याची जोरदार काडतुसं चालवली की स्लाइड फ्रेमवर जोरात आपटते.