एवढं कळतं, तर असला लॅपटॉप का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. तुम्ही म्हणजे कोणी एक नाही. पतसंस्थेतले सहकारी, धाकटी जाऊ, खालच्या मजल्यावरचे काका, आणि इंजिनिअरिंगला गेल्यापासून जरा जास्तच विचारायला लागलेला भाचा. प्रश्न फिरून फिरून तोच. सगळ्यांना कुठला लॅपटॉप घ्यायचा ते तुम्ही सांगता, मग स्वतः पंधरा हजारांच्या वर का जात नाही? आणि त्या डबड्यावर दर दोन महिन्यांनी नवीन ऑपरेटिंग सिस्टिम (ओएस) टाकत का बसता?

आजवर मी याची तीन उत्तरं दिली आहेत. परवडत नाही, हे पहिलं. ते खोटं आहे. गेल्या वर्षी फ्रीज घेतला तेव्हा मी एका फटक्यात बत्तीस हजार मोजले आणि कोणी काही विचारलं नाही. दुसरं, जुनी यंत्रं भंगारात जाऊ नयेत म्हणून. ते अर्धं खरं. तिसरं, सवय. हे तर उत्तरच नाही, विषय बदलण्याची युक्ती आहे.

सवय लागली ती अशी. २००६ मध्ये उबुंटूवाले, म्हणजे लिनक्स ही विंडोजऐवजीची फुकट ओएस देणारे, सीडी घरपोच पाठवायचे, पोस्टेजसकट फुकट. मी मागवली आणि परदेशातून खरंच पाकीट आलं. आमच्याकडे असेम्बल केलेला डेस्कटॉप होता, २५६ एमबी रॅमचा. सीडी घालून तो सुरू केला आणि त्याच पडद्यावर, त्याच घरात, वेगळंच काहीतरी उघडलं. हार्डडिस्कला धक्काही न लावता. त्या संध्याकाळी भात करपला एवढं आठवतं.

मग २००९ मध्ये नेटबुक घेतला. दहा इंची, ॲटम एन२७० प्रोसेसर, एक जीबी रॅम. त्याचा पडदा १०२४ बाय ६००. म्हणजे सेटिंगची कुठलीही मोठी खिडकी उघडली की ‘ओके’चं बटण पडद्याच्या खाली, जमिनीत. लिनक्सवर ऑल्ट दाबून धरायचं आणि खिडकी कुठेही पकडून वर ओढायची, की बटण बाहेर येतं. ही युक्ती मी किती जणांना दाखवली असेल! लोक थक्क व्हायचे आणि मला ते आवडायचं. ऑल्ट लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

२०१६ मधल्या अकरा इंचीबद्दल बोलायला लागले तर रात्र होईल. दोन जीबी रॅम, बत्तीस जीबीची ईएमएमसी, म्हणजे हार्डडिस्कऐवजी साठवणीची चिप, तीही बोर्डावर झाळलेली. म्हणजे बदलायची सोयच नाही. अपडेट आलं की यंत्र म्हणायचं जागा नाही, आणि जागा करायला काढून टाकण्यासारखं आत काही नसायचंच. त्यातला प्रोसेसर ६४ बिटचा आणि यंत्र सुरू करणारं फर्मवेअर ३२ बिटचं. त्यामुळे लिनक्स टाकायला साधा पेनड्राइव्ह लावला तर तो ओळखच दाखवायचा नाही. पेनड्राइव्हमध्ये बूट-आयए-३२ नावाची एक फाईल वेगळी नेऊन ठेवावी लागायची. हे शोधायला मला चार रात्री लागल्या. मग तो मध्येच गोठायला लागला, म्हणून लिनक्सच्या गाभ्याला, कर्नलला, प्रोसेसरला सी-स्टेट एकच्या, म्हणजे हलक्या झोपेच्या, पुढे जाऊ देऊ नकोस असं बजावणारी ओळ घातली. एवढं करून आवाज नाही तो नाहीच. त्यावर मी दोन वर्षं मजेत काम केलं. नवरा म्हणायचा, “मजेत?” हो, मजेत.

खरं उत्तर इथे कुठेतरी आहे. सत्तर हजारांच्या यंत्राला मी स्क्रूड्रायव्हर लावू शकत नाही. लावला तरी हात चोरून लावीन. बारा हजारांच्या यंत्राचा तळ मी चहा थंड व्हायच्या आत उघडते. ते बिघडवायची मुभा असते मला. बीओएसएस नावाचं लिनक्स घालून बघितलं, आपल्या सरकारी सी-डॅकचं. गूगलचं क्रोम ओएस फ्लेक्स घालून बघितलं. हायकू नावाची ओएस असते, ते घातलं, ते तर डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सुरू होतं, मग त्यात करायचं काय हा प्रश्न पडतो. काही टिकलं, बरंचसं पुसलं. कोणाचं काही गेलं नाही. यंत्र माझं, चूक माझी, रात्र माझी.

असं मी म्हणायचे. २०२२ च्या दिवाळीपर्यंत.

अण्णा, म्हणजे माझे वडील, तहसील कचेरीतून कारकून-टंकलेखक म्हणून निवृत्त झाले. २०१४ मध्ये त्यांना लॅपटॉप मीच घेऊन दिला. साडेपंधरा इंची, चार जीबी रॅम, पाचशे जीबीची फिरणारी हार्डडिस्क. त्यांची अट एकच होती: उजवीकडे आकड्यांचा वेगळा पट्टा पाहिजे. मला वाटलं, हिशेबासाठी असेल. का ते विचारलं नाही.

त्यावर ते एकच काम करायचे. आमच्या गावच्या शिवारातल्या शेतांच्या नावांची यादी. एकत्रीकरण झालं तेव्हा सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले आणि सातबाऱ्यावर आता आकडाच उरतो. नाव म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी. चिंचेचा डाग. दर्ग्याची पट्टी. विहिरीचं वावर. हाडकी. कोणी सांगितलं की अण्णा वहीत टिपायचे आणि सकाळी टाइप करायचे. कृती देव फॉन्ट, रेमिंग्टन टंकयंत्रावर तयार झालेली बोटं, किबोर्डकडे न बघता. दिवाळीपर्यंत तीनशे बारा नोंदी झाल्या होत्या, आणि प्रत्येक नोंदीची सुरुवात ‘गट क्र.’ने.

यंत्र मात्र रखडायचं. बटण दाबून अण्णा आंघोळीला जायचे, पूजा आटोपून यायचे, तोवर ते सुरू झालेलं असायचं. त्यांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. हे वाक्य मी आज लिहू शकते. तेव्हा मला फक्त डिस्क शंभर टक्क्यांवर अडकलेली दिसत होती आणि माझ्या डोक्यात तिडीक जात होती.

पुण्याच्या तापकीर गल्लीतून अठराशेची एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, आणली. आता नीट ऐका, कारण इथे मी स्वतःला सोडणार नाही. जुनी डिस्क होती तशी नव्या एसएसडीवर उतरवून घ्यायची, चार स्क्रू आवळायचे, झालं. अण्णांना फरक कळला असता तो फक्त वेगात. हे मला त्या रात्री माहीत होतं. पण लिनक्स मिंट २१ नुकतंच आलं होतं, माझ्या यंत्रावर सुरेख चालत होतं, आणि अण्णा झोपले होते. मी मिंट टाकलं. त्यांच्या फायली काढून घेतल्या, दोनदा तपासून. मग जुनी डिस्क बॅकअपला होईल म्हणून फॉरमॅट केली. परतीचे दोर कापले, तेही फुशारकीने.

सकाळी फाईल उघडली. फाईल होती, अक्षरं नव्हती. कृती देवमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली असतात. फॉन्ट गेला की खालची इंग्रजी उघडी पडते. ‘मराठी’ या शब्दाचं ई, जे, के, कॅपिटल बी, एच होतं. अण्णांच्या यादीत प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक्स, मोठा व्ही, आणि तिरकी काट मारलेला ओ. एक्स, व्ही, काटलेला ओ. तीनशे बारा वेळा. फायली आणल्या होत्या, फॉन्ट आणायचा राहिला होता. हे तासाभरात निस्तरलं. फॉन्ट मिळवला, जागेवर टाकला, चिंचेचा डाग परत दिसला. मी म्हटलं, “बघा अण्णा, आता टाइप करा.”

ते बसले. ‘गट’ उमटलं. मग त्यांनी डाव्या हाताने ऑल्ट दाबून धरलं आणि उजव्या हाताने आकड्यांच्या पट्ट्यावर शून्य, दोन, एक, सहा. काही नाही. परत. काही नाही. तिसऱ्यांदा सावकाश, एकेक आकडा बघून. ‘क्र’ हे अक्षर कृती देवमध्ये त्या काटलेल्या ओच्या जागेवर असतं, ते कुठल्याच साध्या कळीवर नाही. विंडोजवर ऑल्ट आणि ०२१६ दाबलं की ते येतं. आठ वर्षं ते असंच येत होतं. आकड्यांचा पट्टा त्यासाठी हवा होता. लिनक्सवर ऑल्टचे हे आकडे चालत नाहीत.

चौथ्यांदा करून झाल्यावर अण्णांनी टेबलाच्या खणातून छोटी डायरी काढली. त्यात सगळे आकडे त्यांच्या अक्षरात, शाईने. चष्मा वर करून बघितलं आणि मला विचारलं, “अगं, माझाच आकडा चुकतोय का?”

आकडा बरोबर होता.

मी उत्तर दिलं नाही. म्हणजे दुष्टपणाने नव्हे, मी मोबाइलवर उपाय शोधत होते. सापडला की एकदम सांगू असं वाटत होतं. दहाएक मिनिटं गेली असतील. त्या दहा मिनिटांत त्र्याहत्तर वर्षांचा माणूस डायरी आणि किबोर्ड यांच्यामध्ये बघत बसला होता, आपण विसरायला लागलो की काय असं मनात घेऊन. “नाही अण्णा, तुमचं बरोबर आहे, मी ते मोडलंय,” एवढं म्हणायला उपाय लागत नव्हता.

उपाय सापडला तो असा: कंट्रोल, शिफ्ट, यू, मग डी आणि आठ, मग एंटर. अण्णांनी तो डायरीत ०२१६ च्या खाली लिहून घेतला. वर मी त्यांना युनिकोडवर, म्हणजे सगळ्या यंत्रांवर सारख्याच दिसणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीवर, भाषणही दिलं. जग पुढे गेलंय, तुमची यादी उद्या कोणाच्या मोबाइलवर उघडणार नाही, शिकायला काय हरकत आहे. त्यातला शब्दन् शब्द खरा होता. आजही आहे. ती यादी कृती देवमध्ये राहिली तर वीस वर्षांनी कोणी वाचणार नाही, हे मी कोणाशीही भांडून सिद्ध करीन. पण ते त्या सकाळी बोलायचं नव्हतं. आणि तरीही, कधी बोलायचं होतं? त्यांना सोयीची सकाळ कधी आली असती? माझ्यातली एक बाई अजून हा मुद्दा सोडत नाही, आणि दुसरी तिला गप्प बस म्हणते.

संक्रांतीला गेले तेव्हा त्यांनी छापलेली पानं दाखवली. नव्या नोंदी बावीस झाल्या होत्या. ‘गट’ आणि आकडा यांच्यामध्ये मोकळी जागा सोडलेली, आणि त्या जागेत पेनाने ‘क्र.’ लिहिलेलं. बावीस वेळा, एकसारखं, टाइपच्या ओळीत नेमकं बसवलेलं. कंट्रोल-शिफ्ट-यूचं त्यांनी काही म्हटलं नाही. मी ऑटोकरेक्टमध्ये सोपी खूण बसवून दिली. ते म्हणाले, बरं.

मग मी ती सगळी यादी युनिकोडमध्ये आणायला घेतली. कन्व्हर्टरला रफार आणि पहिली वेलांटी झेपत नाही, कारण कृती देवमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर. वर्षचं ‘वष्र’ झालेलं तुम्हीही कुठेकुठे वाचलं असेल, ते हेच. दर्ग्याच्या पट्टीचं ‘दग्र्याची पट्टी’ झालं. अण्णांनी प्रिंट घेऊन प्रत्येक चुकीला लाल पेनाने गोल केला आणि पानं मला परत दिली, कचेरीत खालच्या कारकुनाला देतात तशी. त्या दुरुस्त्या मी अजून करतेय. एकशे नव्वदपर्यंत आले आहे.

विंडोज परत टाकून देते, असं मी दोनदा म्हटलं. दोन्ही वेळा उत्तर एकच: “राहू दे. आता हात लावू नकोस.”

तर प्रश्न होता की मी असले लॅपटॉप का घेते. मधल्या काळात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० हा सुरक्षेचा भाग लागतो आणि इंटेलची साधारण आठव्या पिढीपासूनची चिप. त्यामुळे सातव्या पिढीची धडधाकट ऑफिसची यंत्रं जुन्या बाजारात स्वस्तात पडून आहेत. मी एक उचललं, आठ जीबी रॅमचं, अकरा हजारांना. कोणाला घ्यायचं असेल तर विचारा, पण ईएमएमसीच्या वाटेला जाऊ नका, आणि घरच्या म्हाताऱ्या माणसासाठी घेत असाल तर आधी ते कुठल्या कळा दाबतात ते शेजारी बसून बघा. हे मी आता सगळ्यांना सांगते. भाचा म्हणाला, हे कुठल्या रिव्ह्यूत नसतं.

त्या अकरा हजारांच्या यंत्रात या महिन्यात दोनदा ओएस बदलली. थांबले आहे का? नाही. शिकले आहे का? मला सांगता येणार नाही, कारण सासऱ्यांचा लॅपटॉपही हल्ली फार रखडतो आणि गेल्या रविवारी मी त्याच्या तळाचे स्क्रू मोजले. सासरे समोर पेपर वाचत होते. ते म्हणाले, “काय गं, काही हवंय?” मी म्हटलं, “नाही, पुसतेय.”

अण्णांचं यंत्र आता वीस सेकंदांत सुरू होतं. ते मात्र अजून बटण दाबून आंघोळीला जातात, पूजा आटोपून येतात. तोवर ते पासवर्ड मागत ताटकळतं.