आमची वाटचाल : सहा पुस्तकं, एक स्टाइल फाइल

कोल्हापूरच्या राजारामपुरीत दोन कॉम्प्युटरवर डीटीपी सुरू केलं, तेव्हा पानं मांडायचं पेजमेकर सॉफ्टवेअर हेच आमचं भांडवल. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, जून आला की क्लासच्या नोट्स. पुढे शिवाजी विद्यापीठातले गणित-भौतिकशास्त्राचे प्रबंध येऊ लागले आणि समीकरणांपायी आम्ही लाटेक शिकलो, म्हणजे मजकुरातच कमांड लिहून पानं मांडायची प्रणाली. मराठी मजकूर असला की झीलाटेक हा तिचाच प्रकार, कारण त्यात युनिकोड फॉन्ट थेट चालतात.

खरा धडा मिळाला सहा पुस्तकांच्या एका संचात. प्रत्येक प्रकरणाची फाइल वेगळी आणि प्रत्येकीच्या डोक्यावर त्याच चाळीस ओळींचं सेटिंग चिकटवलेलं. प्रकाशकांनी मथळे लहान करायला सांगितलं. रात्रभर बसून बदललं, तरी दोन प्रकरणं सुटली, आणि ती दिसली छापून आल्यावर. ती प्रकरणं ज्या फॉर्मात (एकत्र छापून घडी घालायच्या पानांच्या संचात) होती, तो पदरच्या पैशांनी पुन्हा छापून दिला.

मग सगळं सेटिंग एका स्टाइल फाइलमध्ये नेलं. सहाही पुस्तकं तीच वाचतात. एखाद्या पुस्तकाला वेगळं काही हवं असेल, तर तेवढ्यापुरती छोटी फाइल तिच्यानंतर जोडायची. मूळ फाइलला हात लावायचा नाही. प्रकरणांसाठी लाटेकला जोडायचं सबफाइल्स पॅकेज घेतलं. त्यामुळे एकच प्रकरण काढून प्रूफाला देता येतं आणि तीच फाइल अख्ख्या पुस्तकातही बसते. कमांडला नाव द्यायचं ते कामावरून: ‘उदाहरण’, ‘सूचना’. ‘ठळक चौदा’ असं नाव दिलं, की आकार बदलल्याच्या दिवशी ते खोटं पडतं. नवीन मुलांना मी पहिल्या दिवशी हेच सांगतो.

पण सामाईक फाइलचीही एक खोड आहे. नव्या पुस्तकासाठी आम्ही तिच्यात ओळींमधलं अंतर जरासं वाढवलं. वर्षभराने जुन्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायला घेतली, तर 160 पानांचं पुस्तक 163 वर गेलेलं. सोळा पानी फॉर्मात 160 म्हणजे नेमके 10 फॉर्म. तीन पानांसाठी अकरावा कुठून आणायचा? शिवाय सूचीतले पृष्ठक्रमांक चुकले ते वेगळंच, कारण ती आम्ही हाताने केली होती. नशीब, छपाईच्या प्लेटी निघायच्या आधी प्रूफातच सापडलं.

तेव्हापासून पुस्तक प्रेसला गेलं, की त्या दिवशीची स्टाइल फाइल आणि फॉन्ट त्याच्याच फोल्डरमध्ये ठेवतो. पुनर्मुद्रण त्यावरूनच निघतं. सूचीही आता लाटेककडूनच करून घेतो.