सर्वांत आधी काय होतं?

सोळा पानांचा फर्मा एकदा छपाईला सुटला की मुद्रितशोधकाच्या हातात काही उरत नाही. त्या गुरुवारी गिरगावातल्या आमच्या कचेरीतून सहाला फर्मा सुटणार होता आणि साडेचारला माझी पेन्सिल अकराव्या पानावर अडली. मुलांच्या कोशातली नोंद. ग्रीक कवी हेसिअड, इ.स.पू. सुमारे ७००. वाक्य होतं : 'सर्वांत आधी गोंधळ निर्माण झाला.'

ऱ्हस्व-दीर्घ बरोबर, रफार जागेवर. वाक्य मात्र चूक.

गोंधळ व्हायला आधी चार वस्तू तर हव्यात! हेसिअडकडे पृथ्वीसुद्धा नंतर येते. त्याचा शब्द 'खाओस' (इंग्रजीतला 'केऑस' यातूनच आला), आणि त्या ग्रीक शब्दाचं नातं आ वासण्याशी. आपल्याकडे दरी आ वासते ना, तसं. सगळी द्रव्यं एकमेकांत कालवलेला ओबडधोबड गोळा, हे चित्र रोमन कवी ओव्हिडचं, सातशे वर्षांनंतरचं. आज इंग्रजीत रुळलेला अर्थ त्या गोळ्याच्या जवळचा आहे, आणि आमच्या अनुवादकांनी तोच उचलून हेसिअडच्या तोंडी घातला.

संपादक म्हणाले, "अहो, एका इंग्रजी शब्दाला एकच मराठी शब्द, असं ठरलंय ना आपलं?" ठरलंय. ती यादी करणाऱ्यांनी नोंदी वाचल्याच नव्हत्या, हे मी तेव्हाही बोलले होते.

पानं लावणारे आमचे दादा तुळजापूरकडचे. स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाले, "ताई, गोंधळात कुठं असतो गोंधळ? चौक भरायचा, घट मांडायचा, दिवटी पेटवायची, मग संबळ. एकेका देवाला नाव घेऊन बोलवायचं. क्रम चुकला तर म्हातारी माणसं उठून बोलतात." बावीस वर्षं मी हा शब्द तपासतेय, हे एकदाही डोक्यात आलं नव्हतं.

काकपद करून समासात लिहिलं : 'आ वासलेली पोकळी'. संपादकांनी मान्य केलं.

पण त्याच पानावर खाली हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ होते. १९६१ साली संगणकावर हवामानाचं गणित पुन्हा चालवताना त्यांनी ०.५०६१२७ ऐवजी कागदावर छापून आलेला ०.५०६ हा आकडा भरला. पुढे दोन्ही गणितांतल्या हवामानात काही साम्यच उरलं नाही. समीकरणं तीच, नियम एकही मोडलेला नाही. तीन अंक गळले की काय होतं, ते आमच्या धंद्यात कुणाला समजावावं लागत नाही. आणि या काटेकोर गणिताला, इंग्रजीतल्या 'केऑस थिअरी'ला, आमच्या पानावर नाव 'गोंधळ सिद्धांत'!

सहाला पाच कमी होते. "हे पुढच्या आवृत्तीत बघू," संपादक म्हणाले, आणि फर्मा सुटला.

माझ्या वहीत त्या जागेसाठी तीन शब्द लिहिलेत : अराजक, अव्यवस्था, अनिश्चिती. पहिल्या दोहोंवर त्याच रात्री चर्नी रोडच्या फलाटावर काट मारली. तिसऱ्यावर काल मारली.