माउंट होपचं लँकॅस्टर, शेपटीकडून

गर्दी सगळी नाकापाशी. प्रत्येकाला समोरून, चार इंजिनांसकट फोटो हवा असतो. माझं म्हणणं असं की दुसऱ्या महायुद्धातलं हे बाँबफेकी विमान बघायला आलात तर उजव्या पंखाखालून थेट मागे जा आणि शेपटीजवळ थांबा.

कॅनडात, हॅमिल्टन विमानतळाला लागून, माउंट होपला कॅनेडियन वॉरप्लेन हेरिटेज म्युझियम आहे. मिसिसागाहून गाडीने साधारण तासाभराचा रस्ता. उन्हाळ्यात हे लँकॅस्टर उडतं, हवाई प्रदर्शनांना बाहेरगावीही जातं. म्हणून ते हँगरमध्ये आहे ना, हे आधी विचारूनच निघा. आजही उडू शकणारी लँकॅस्टर जगात दोनच आहेत, दुसरं इंग्लंडमध्ये. बाकीचं म्युझियम चांगलंच आहे, पण मी ते अर्ध्या तासात उरकलं.

विमानावर ‘व्हीआर-ए’ अशी अक्षरं आहेत. ती महायुद्धातला कॅनेडियन गनर अँड्र्यू मायनार्स्की याच्या विमानाची. हे ते विमान नव्हे. ते, केबी ७२६ क्रमांकाचं, १९४४ सालीच फ्रान्समध्ये कोसळलं. हे एफएम २१३, १९४५ चं, लढाईवर कधीच न गेलेलं. मायनार्स्कीच्या स्मरणार्थ त्याला ती अक्षरं दिली. दोन्ही बनली मात्र एकाच कारखान्यात, मालटनच्या व्हिक्टरी एअरक्राफ्टमध्ये. तिथे ४३० लँकॅस्टर तयार झाली. मालटनचा तो विमानतळ म्हणजे आजचा टोरंटोचा पिअर्सन. आपल्याकडून येणाऱ्यांना आणायला आपण जिथे जातो, तोच.

मायनार्स्की विनिपेगचा, पोलिश स्थलांतरितांचा मुलगा. कॅनडाच्या हवाई दलाच्या ४१९ स्क्वॉड्रनमध्ये मिड-अपर गनर, म्हणजे विमानाच्या पाठीवरच्या टरेटमधला, बंदुका बसवलेल्या फिरत्या घुमटातला. शेपटीच्या टरेटमध्ये त्याचा मित्र पॅट ब्रॉफी. १२ जून १९४४ च्या रात्री ते इंग्लंडमधल्या मिडलटन सेंट जॉर्जहून कँब्रेच्या रेल्वे यार्डावर बाँब टाकायला निघाले. फ्रान्सचा किनारा ओलांडल्यावर युंकर्स ८८ या जर्मन लढाऊ विमानाने खालून गाठलं. डावीकडची दोन्ही इंजिनं गेली, पंख पेटला, आणि दोन गनरांच्या मधल्या भागातही आग लागली. वैमानिकाने सगळ्यांना उड्या मारायला सांगितलं.

पुढचं सगळीकडे सांगितलं जातं ते मायनार्स्कीच्या एका सॅल्यूटवर येऊन थांबतं. ब्रॉफी मागच्या टरेटमध्ये का अडकला, हे कोणी नीट सांगत नाही, आणि ते कळल्याशिवाय सॅल्यूटही कळत नाही. शेपटीपाशी उभं राहिलं की कळतं.

मागचं टरेट म्हणजे स्वतःभोवती फिरणारा उभा डबा. त्यात .३०३ इंची चार ब्राउनिंग मशीनगन. गनर विमानाकडे पाठ करून बसतो, पाठीमागे दोन छोटी सरकती दारं. आत इतकी अडचण की पॅराशूटला जागा नाही. ते दारांबाहेर, विमानाच्या आत टांगलेलं. बाहेर पडायचं तर आधी टरेट मधोमध आणायचं, म्हणजे दारं विमानाच्या पोकळीसमोर येतात. मग दारं सरकवायची, हात घालून पॅराशूट ओढायचं, छातीवरच्या हुकांना अडकवायचं. तिथून दोन वाटा. एक, आतून सरपटत उजव्या बाजूच्या दारापर्यंत. दुसरी, टरेट पूर्ण बाजूला फिरवायचं, म्हणजे दारं बाहेरच्या हवेत उघडतात, आणि पाठीवर मागे कोसळायचं. दोन्हींसाठी टरेट फिरलं पाहिजे.

ते फिरतं हायड्रॉलिक तेलाच्या दाबावर, आणि तो दाब इंजिनांवरच्या पंपांतून येतो. डावी इंजिनं गेली तसं टरेट जागीच थिजलं. ब्रॉफीने कसंबसं पॅराशूट मिळवलं. हाताने फिरवायची सोय असते. ती वापरताना दांडाच तुटून हातात आला. जे तेल टरेट फिरवणार, तेच फुटलेल्या नळ्यांतून सांडून मागची आग वाढवत होतं.

आता उजव्या बाजूने एका रेषेत बघा: पाठीवरचं टरेट, मग दार, मग शेपटी. मायनार्स्की खाली उतरून दारापर्यंत आला होता. उडी मारली असती तर सुटला असता. वळून पाहिलं तर ब्रॉफी काचेआड अडकलेला. दारापासून त्याच्यापर्यंत जेमतेम काही पावलं, पण शेपटीच्या आडव्या पंखाचा खांब आतून आरपार गेलेला असतो. तिथे उभं राहून चालता येत नाही. तो आगीतून रांगत गेला. कुऱ्हाडीने प्रयत्न केला, मग नुसत्या हातांनी. कमरेपर्यंतचे कपडे आणि पॅराशूट पेटलं. ब्रॉफीनेच हाताने खुणावून त्याला परत पाठवलं. ब्रॉफीकडे तोंड ठेवून तो मागे रांगत दारापर्यंत गेला, ताठ उभा राहिला, सॅल्यूट केला आणि उडी मारली. ब्रॉफी हुद्द्याने वरचा, म्हणून रोज निरोप घेताना मायनार्स्की थट्टेने ‘गुड नाइट, सर’ म्हणायचा. त्या रात्रीही त्याचे ओठ हलले.

जमिनीवर फ्रेंच माणसांना तो सापडला, पण भाजल्याने तो गेला. विमान गोदिएंप्रे गावाजवळ आदळलं, आणि अडकलेला ब्रॉफी त्या धक्क्याने बाहेर फेकला जाऊन वाचला. उरलेले पाचही जगले. या सगळ्याला साक्षीदार एकटा ब्रॉफी. तो वाचला नसता तर मायनार्स्कीच्या नावापुढे फक्त ‘एअर गनर’ आणि तारीख राहिली असती. ११ ऑक्टोबर १९४६ ला मायनार्स्कीला व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, जाहीर झाला. बाँबर कमांडचे, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बाँबफेकी शाखेचे, ५५,५७३ जण युद्धात मेले. त्यातल्या कितीतरी टरेटांमध्ये असंच काही घडलं असेल आणि पाहणारा कोणी उरला नसेल. हे तिथे उभं असताना फार जड वाटतं.

त्याची कबर फ्रान्समध्ये, अमियांच्या पूर्वेला मेहारिकूर गावच्या दफनभूमीत आहे. जायचं असेल तर जवळचं स्टेशन रोझिएर. माउंट होपला मात्र दार आणि टरेट यांच्यामध्ये उभे राहा, म्हणजे ते अंतर डोळ्यांनी मोजता येईल.